कोलोरॅडोचा एल्क आणि म्यूल डिअर ड्रॉ: कुटुंबानं अर्ज कसा भरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेन्व्हरजवळ राहणारं मराठी कुटुंब: वडील, आई, चौदा वर्षांचा मुलगा, येत्या ऑगस्टमध्ये बारा पूर्ण करणारी मुलगी आणि फोर्ट कॉलिन्सला एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा धाकटा काका. सगळ्यांनी मिळून शिकारीला जायचं म्हणून वडील, मुलगा आणि काका यांनी लागोपाठ २ वर्षं ग्रुप करून ड्रॉला, म्हणजे शिकारीची लायसन्सं वाटणाऱ्या सोडतीला, अर्ज भरला. बुल एल्क (एल्क म्हणजे मोठं रानहरीण, बुल म्हणजे त्याचा नर) आणि शिंगवाला म्यूल डिअर (त्याहून लहान हरीण), दोन्ही एकाच युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या एकाच भागात, एकाच सीझनला. दोन्ही वर्षी काहीच लागलं नाही. वडिलांकडे आधीचे धरून ५ पॉइंट (पहिली पसंती हुकली की मिळणारा, पुढच्या ड्रॉच्या रांगेत पुढे नेणारा गुण) आहेत, मुलाकडे आणि काकाकडे २-२. असेच पॉइंट साठवत थांबावं का, काकाला या व्हिसावर बंदूक हातात घेता येते का, आणि पुण्यातल्या आजी-आजोबांना हे मुळीच पटत नाही तेव्हा मुलांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

मी पश्चिम कोलोरॅडोत राहते, इथेच शिकारीला जाते, आणि हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे सुरक्षित शिकार शिकवणाऱ्या, वर्गांना स्वयंसेवक म्हणून शिकवते. माझी मुलंही याच ड्रॉमधून गेली. त्यामुळे जे लिहितेय ते कोलोरॅडोपुरतं धरा. वायोमिंगमध्ये ग्रुपच्या पॉइंटची सरासरी काढतात, आयडाहोत आणि न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत. दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला इथे लागू पडेलच असं नाही.

मला विचाराल तर तुमची अडचण नशिबाची नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच अर्जात मागताय. एक म्हणजे मोठं शिंगवालं जनावर, आणि दुसरी म्हणजे मुलांसोबत डोंगरात घालवलेला आठवडा. पहिलीसाठी कोलोरॅडोत चांगल्या युनिटला अनेक वर्षं थांबावं लागतं, काही ठिकाणी तर वीस वर्षांहून जास्त. दुसरी याच वर्षी होऊ शकते. दोन्ही एका फॉर्मवर घातल्या की दुसरी पहिलीच्या रांगेत अडकते. तुमचा मुलगा चौदाचा आहे. पॉइंट पुढच्या वर्षीही वाढतील, पण त्याची शाळेची वर्षं तेवढीच उरलीत.

आधी ग्रुपचं गणित बघू, कारण नुकसान तिथेच झालंय. इथे ग्रुपनं अर्ज केला की ज्याचे पॉइंट सगळ्यांत कमी, तेवढेच अख्ख्या ग्रुपचे धरले जातात. म्हणजे पुन्हा ग्रुपनं अर्ज केलात तर तुमचे ५ पॉइंट २च धरले जातील. शिवाय ग्रुपला टॅग (एका जनावराच्या शिकारीचं लायसन्स) मिळतात ते सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. शेवटी २ लायसन्सं उरली आणि तुम्ही तिघं असाल, तर ती तुम्हाला मिळत नाहीत. मोठ्या माणसांच्या ग्रुपमध्ये, सगळ्यांचे पॉइंट सारखे असतील आणि सगळ्यांना तेच हवं असेल तर ग्रुपला अर्थ आहे. बाप-लेकाच्या बाबतीत तो क्वचितच असतो. बाप वर्षानुवर्षं पॉइंट जमवतो, पोरगं काल सुरू करतं, आणि जमवलेलं सगळं पोराच्या पातळीवर येऊन बसतं.

आता अर्जातल्या चार पसंतींकडे या. प्रेफरन्स पॉइंट फक्त पहिल्या पसंतीला लागतात. पहिली पसंती लागली की त्या प्राण्याचे पॉइंट शून्यावर येतात. दुसरी, तिसरी किंवा चौथी लागली तर पॉइंट जात नाहीत. उलट पहिली हुकली म्हणून एक पॉइंट जमा होतो. बहुतेक नवीन लोक पहिली पसंती भरतात आणि बाकीचे रकाने कोरे सोडतात. मादीची, म्हणजे काऊ एल्कची कित्येक टॅगं दुसऱ्या पसंतीलाही निघतात, आणि ती या कोऱ्या रकान्यांमुळे तुमच्या हातून जातात. ज्यांना यंदा बुलसाठी भाग्य आजमावायचंच नाही, त्यांनी पहिल्या पसंतीला नुसत्या पॉइंटचा कोड टाकावा आणि दुसरीला काऊ एल्क. पॉइंटही वाढतो आणि डोंगरातही जाता येतं. पॉइंट प्राण्यागणिक वेगळे असतात हे लक्षात असू द्या. एल्कचे डिअरला चालत नाहीत.

हंट कोड नीट वाचायला शिका, मुलालाही शिकवा. ई-एफ-०५४-ओ२-आर असा कोड असेल तर एल्क, मादी, युनिट ५४, दुसरा रायफल सीझन, रायफल. हे युनिट मी फक्त नमुन्यादाखल घेतलंय. काही कोड केवळ खासगी जमिनीसाठीचे असतात, पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. त्यांच्या ड्रॉचे आकडे फार गोड दिसतात, कारण जमीनमालकाची परवानगी नसलेला माणूस तिकडे जातच नाही. नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या) सार्वजनिक जमिनीवर फिरणाऱ्या तुमच्यासारख्या कुटुंबाला तसं टॅग मिळून काहीच उपयोग नाही. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, म्हणजे सीपीडब्ल्यू, दर वर्षी प्रत्येक कोडचा अहवाल काढतं: किती अर्ज आले, किती पॉइंटवाल्यांना मिळालं, दुसऱ्या पसंतीला किती गेली. गेल्या दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचा. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका. २०२२-२३च्या हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडोत बर्फ इतकं पडलं आणि टिकलं की डिअर, एल्क आणि प्रॉन्गहॉर्न (हरणासारखं जनावर) फार मेले. त्यानंतर तिथली लायसन्सं मोठ्या प्रमाणात कापली गेली, तिथले शिकारी दुसऱ्या युनिटांकडे वळले, आणि जिथे काही घडलंच नव्हतं तिथलेही आकडे बदलले.

यावरून तुमच्यासाठी मी अर्ज असा भरेन. मुलाचा अर्ज स्वतंत्र, पहिल्या पसंतीला काऊ एल्क, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रायफल सीझनला, घरापासून एका दिवसात पोचता येईल अशा युनिटमध्ये. मादीच्या लायसन्सांत तरुणांसाठी वेगळा राखीव वाटा असतो, तो त्याच्या बाजूनं आहे. डिअरसाठी त्याच युनिटचं, त्याच सीझनचं म्यूल डिअरचं टॅग, जे कमी पॉइंटला निघतं ते. नर मिळाला तर उत्तम, मादी मिळाली तरी उत्तम. तुमचा स्वतःचा अर्ज एकट्याचा. डिअरचे ५ पॉइंट आता मोकळे झाले, ते चांगल्या युनिटसाठी राखा किंवा यंदा वापरा, तो तुमचा निर्णय. एल्कसाठी तुम्ही पहिल्याला पॉइंट आणि दुसऱ्याला मुलाच्याच युनिटची काऊ टाका. दोघांनाही लागली तर दोन टॅगं, एकालाच लागली तरी सगळे जाणारच आहात.

मुलीचं वय मध्ये येत नाही. सीझन संपण्याआधी बारा पूर्ण होत असतील तर अकराव्या वर्षीही अर्ज भरता येतो, शिकार मात्र बारा झाल्यावरच. तिचं हंटर एज्युकेशन उन्हाळ्यात नव्हे, आत्ताच उरकून घ्या. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं, म्हणजे तुम्हा सगळ्यांनाच. पण मी तिला पहिल्या वर्षी टॅग देणार नाही, नुसता पॉइंट भरेन. भावाची शिकार पूर्ण बघू द्या, सोलण्यापासून फ्रीजरपर्यंत. तिनं स्वतः मागितलं तर पुढच्या वर्षी पहिलं टॅग तिचं. वर्गात येणाऱ्या मुलांकडे बघून सांगते, बारा वर्षांची सगळी मुलं सारखी नसतात. काही पूर्ण तयार असतात, काहींना आणखी दोन वर्षं लागतात, आणि हे वडिलांपेक्षा आईला बहुधा लवकर कळतं.

बारा ते पंधराच्या मुलासोबत अठरा वर्षांवरचा मोठा माणूस लागतो, ज्याचं स्वतःचं हंटर एज्युकेशन झालंय आणि जो मुलाला बघू शकतो, त्याच्याशी बोलू शकतो इतका जवळ आहे. माझा आग्रह असा की मुलाचं टॅग ज्या दिवशी वापरायचं, त्या दिवशी तुमची रायफल गाडीत कुलूपबंद राहू द्या. तुमच्याही खिशात टॅग आहे, समोर कळप आला, तर तुमचं अर्धं लक्ष स्वतःच्या नेमाकडे जाणार. मुलाच्या श्वासाकडे, त्याच्या नळीच्या दिशेकडे, मागे उभ्या दुसऱ्या जनावराकडे बघायला कुणी उरत नाही. सकाळ त्याची, संध्याकाळ तुमची, असं वाटून घ्या.

पहिल्या वेळी काही लागलं नाही तर वाट बंद होत नाही. मुख्य ड्रॉची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, निकाल मेअखेर ते जूनमध्ये येतो, आणि जूनमध्येच दुय्यम ड्रॉ असतो. त्यात तरुणांना सगळ्यांच्या आधी प्राधान्य मिळतं. इतकी मोठी सवलत असूनही लोक ती वापरत नाहीत, कारण तोवर ते निराश होऊन बसलेले असतात. त्यानंतर ऑगस्टमध्ये उरलेल्या लायसन्सांची यादी निघते. एल्कच्या बाबतीत काही युनिटांत ड्रॉशिवाय थेट विकत मिळणारी बुलची टॅगंही असतात, पण तिथे गर्दी फार, आणि बहुतेक ठिकाणी एका बाजूच्या शिंगाला चार टोकं किंवा पाच इंचांचं कपाळाजवळचं टोक असल्याशिवाय बुल मारता येत नाही. अंधूक उजेडात, झाडीत, हलत्या जनावराच्या शिंगाची टोकं मोजणं हे चौदा वर्षांच्या मुलाचं पहिलं काम असू नये. डिअरसाठी तर तसा पर्यायच नाही. १९९९ पासून कोलोरॅडोतलं प्रत्येक डिअर लायसन्स मर्यादित आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मुख्य ड्रॉला अर्ज करण्याआधी एक पात्रता लायसन्स घ्यावंच लागतं, बरेच जण छोट्या प्राण्यांचं वार्षिक घेतात. पैसे भरलेच आहेत तर ते वापरा. सप्टेंबरात त्याच युनिटमध्ये जाऊन डस्की ग्राऊस (डोंगरातला रानपक्षी) किंवा सशाच्या मागे दोन दिवस फिरा. मुलाला रस्ते कळतील, पाणी कुठे आहे, ताजी लेंडी आणि लोळायच्या चिखलाच्या जागा कुठे आहेत हे दिसेल. नकाशावर कितीही बोट फिरवलं तरी हे कळत नाही.

आता काकाचा प्रश्न, कारण यात चूक झाली तर ती टॅग हुकण्याइतकी साधी नसते. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. एच-१बी त्यात येतो, त्यांच्या जोडीदार-मुलांचा एच-४ही येतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. या बंदीला अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेत कायदेशीररीत्या मिळालेलं हंटिंग लायसन्स जवळ असणं. लायसन्स चालू आहे तोवर अपवाद चालू, संपलं की संपला. कोलोरॅडोचं छोट्या प्राण्यांचं वार्षिक लायसन्स ३१ मार्चला संपतं. नवीन न घेता त्यानं एप्रिलमध्ये रेंजवर जाऊन मित्राच्या रायफलनं सराव केला, तर तो अपवादाबाहेर गेला. हा फेडरल गुन्हा आहे आणि त्याचा परिणाम इमिग्रेशनवरही होतो. म्हणून त्यानं आधी लायसन्स घ्यावं, मग बंदुकीला हात लावावा, आणि त्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर पैसे मोजून इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावं. मी वकील नाही. माझ्या ओळखीतले काही जण या व्हिसावर असेपर्यंत धनुष्यबाणाचा सीझन निवडतात, कारण धनुष्य कायद्यानं बंदूक ठरत नाही. काका धनुर्विद्या शिकायला तयार असेल तर तो मार्ग मनाला स्वस्थता देणारा आहे. नाहीतर त्यानं टॅगाविना यावं. त्याची गरज कुठे लागणार आहे ते पुढे सांगते.

जागा निवडताना लोक आधी जनावरं किती हे बघतात. मी आधी बघते की मारलेलं जनावर रस्त्यापर्यंत कसं येणार. म्यूल डिअर नर साधारण ९० किलोचा, दोन माणसं एका खेपेत आणू शकतात. काऊ एल्क २२५ किलोच्या आसपास, बुल ३०० च्या वर. काऊचं हाडाविना मांसच ७० किलोच्या घरात जातं. तेही ९,००० फुटांवर, उतारावर, पडलेल्या झाडांमधून. दोन मोठी माणसं प्रत्येकी २५ किलो घेतील, वहिनी १२-१५, मुलगा ८-१०, मुलगी चाकू, दोर आणि पाणी. म्हणजे पाच जणांचं कुटुंब एक काऊ एका मोठ्या आणि एका छोट्या खेपेत बाहेर काढतं. एकट्या माणसाला त्याच कामाला दोन दिवस लागतात. तुमच्या घरात बंदूक न धरणारी माणसं आहेत याचं तुम्हाला थोडं वाईट वाटतंय असं प्रश्नावरून जाणवलं. वाटू देऊ नका. एल्क पडल्यानंतर तीच माणसं सगळ्यांत मोलाची असतात.

तरीही गाडीपासून दीड मैलापलीकडे मुलासोबत एल्क मारू नका, आणि खोल दरीच्या तळाशी तर मुळीच नाही. एल्क दिसला, वारा बरोबर आहे, अंतर बरोबर आहे, पण खाली आठशे फूट उतार आहे, तर बघा, फोटो काढा आणि सोडा. डिअरसाठी ही मर्यादा थोडी सैल करता येते.

मांस खराब होतं ते बहुतेकदा उष्णतेनं. ऑक्टोबरात रात्री पाणी गोठतं, पण दुपारी उन्हात अंगातला स्वेटर काढावा लागतो. एल्कचं कातडं जाड, केस दाट, मांड्या प्रचंड. आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि हाडालगतचं मांस आंबतं. म्हणून जनावर पडलं, टॅगवर तारीख-सही झाली, की फोटो आटपते घ्या आणि लगेच कातडं काढायला सुरुवात करा. पोट न फाडता चारही फऱ्या, पाठीचे पट्टे आणि आतल्या बाजूचे मऊ पट्टे काढायची पद्धत कुटुंबाला सोपी जाते, घाण कमी होते. मांस सुती जाळीच्या पिशव्यांत भरून सावलीत, वारा लागेल असं टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस भरू नका. लिंग ओळखता येईल असा भाग एका मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या, तो कायदा आहे आणि वाटेत अधिकारी तेच आधी बघतात. खाण्याजोगं मांस रानात सोडणंही गुन्हा आहे.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी, हा डिअर-एल्कचा मेंदूचा आजार पहिल्यांदा १९६७ साली फोर्ट कॉलिन्सच्याच एका संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये दिसला. आता तो राज्यात बऱ्याच भागांत आहे, डिअरमध्ये एल्कपेक्षा जास्त. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण आजारी जनावराचं मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, सीडीसीचा, सल्ला आहे, आणि शिजवून तो नष्ट होत नाही. सीपीडब्ल्यू दर वर्षी काही युनिटांत डोक्याची तपासणी सक्तीची करतं. तुमच्या युनिटात सक्ती नसली तरी घरात मुलं खाणार आहेत, तेव्हा तपासणी कराच. निकाल येईपर्यंत पाकिटांवर नाव-तारीख घालून वेगळी ठेवा, पाठीचा कणा करवतीनं कापू नका, आणि दोन जनावरांचं मांस एकत्र खिम्याला टाकू नका. निकाल चांगला आला की मग बिनधास्त. एल्कला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे सुक्क्याला मऊ पट्टे वापरू नका, ते तव्यावर दोन मिनिटंच ठेवा. सुक्कं आणि रस्सा पायाच्या मांसाचा, मंद आचेवर, मटणापेक्षा जास्त वेळ.

रायफलबद्दल थोडक्यात. कायद्यानं एल्कला कमीत कमी .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी लागते. चौदा वर्षांच्या मुलाला मी ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर (कमी धक्क्याच्या काडतुसाची रायफल) देईन, कुंदा त्याच्या हाताच्या मापाचा. वडिलांची मॅग्नम देऊ नका. दोनदा खांद्याला धक्का बसला की मूल डोळे मिटून चाप ओढायला लागतं, आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. रेंजवरचं टेबल लवकर सोडा. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधारानं सराव. ज्या अंतरावर तो थंडीत, धापा टाकत असताना पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या ताटलीत घालतो, तेच त्याचं अंतर. बहुतेक मुलांचं ते दीडशे ते दोनशे यार्ड निघतं.

एल्क आणि म्यूल डिअर वेगवेगळ्या स्वभावाचे. म्यूल डिअर दुर्बिणीची शिकार आहे. पहाटे उंचावर बसायचं, समोरची अंगावर ऊन घेणारी बाजू तुकड्या-तुकड्यानं बघायची, कानाचा तुकडा, पांढरं बूड शोधायचं. मुलांना हे फार आवडतं, कारण आधी कुणाला दिसतो अशी चढाओढ लागते. टॅग नसलेल्या वहिनी आणि काकाही यात पूर्ण भाग घेऊ शकतात. जनावर हुसकावायला हाकारे घालणं किंवा शीळ वाजवून बोलावणं मात्र टॅग नसलेल्यांनी करू नये. एल्कचा कळप लग्नाच्या वऱ्हाडासारखा: एक म्हातारी मादी उठून निघाली की सगळे तिच्यामागे, आणि मग मैलभर थांबत नाहीत. त्यात मुलाला काऊ मारायची असेल तर तीन गोष्टी जोरात बोलून पक्क्या करा: शिंग नाही ना, ती आडवी उभी आहे ना, तिच्या मागे दुसरी नाही ना. कोवळ्या नराची दोन बारीक शिंगं झाडीत दिसतच नाहीत. तिन्हींचं उत्तर मुलानं स्वतः तोंडानं दिल्याशिवाय सेफ्टी काढायची नाही.

अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी, आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी, हा शिकाऱ्यांसाठी नियम आहे. तुमच्यात तो पाचही जणांना लावा. उंचीवर पहिली रात्र डोकं दुखतं, म्हणून सीझन सुरू व्हायच्या आदल्या नाही, त्याच्याही आदल्या दिवशी पोचा. आणि मुलांना खरा आकडा सांगून ठेवा: कोलोरॅडोत एल्कच्या शिकाऱ्यांपैकी साधारण पाचांतल्या एकालाच जनावर मिळतं.

आजी-आजोबांविषयी. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली आणि ती थांबणं गरजेचं होतं. त्यांच्या मनातलं चित्र तिथलं आहे, ते चुकीचं नाही, आणि मुलांसमोर त्यांना खोडून काढायची गरज नाही. मुलांना इथली हकीकत सांगा. १९१० च्या सुमारास कोलोरॅडोत एल्क हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरले होते, बेसुमार मारल्यामुळे. मग बंदी आली, वायोमिंगहून एल्क आणून सोडले, नंतर मोजून लायसन्सं देणं सुरू झालं. आज जगातला सगळ्यांत मोठा एल्कचा साठा याच राज्यात आहे. लायसन्सच्या पैशातून आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं वन्यजीवांच्या कामाकडे वळवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करातून हे काम चालतं. ड्रॉमध्ये टॅग न लागणं हाही त्याच मोजणीचा भाग आहे. हे सांगून झालं की एवढंही सांगा की जनावर मरताना बघणं सोपं नसतं, रडू आलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि शेवटच्या क्षणी 'नको' म्हणायचा हक्क त्यांना कायम आहे. आजीला फोटो पाठवायचा असेल तर डोंगराचा पाठवा.

थोडक्यात, एप्रिलच्या आत करायचं ते: ग्रुप मोडा, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. मुलाची पहिली पसंती काऊ, टॅग हवंय त्या सगळ्यांचे चारही रकाने भरलेले. मुलीचं हंटर एज्युकेशन आणि पॉइंट. काकाचं लायसन्स बंदुकीच्या आधी. त्या वर्षीची सीपीडब्ल्यूची पुस्तिका हातात घेऊन प्रत्येक कोड तपासा, नियम दर वर्षी थोडे हलतात. निकाल लागल्यावर युनिट आणि सीझन मला कळवा, म्हणजे तंबू कोणत्या उंचीवर लावायचा आणि बर्फ पडलं तर कोणते रस्ते आधी बंद होतात ते सांगता येईल.